आजाराचे पूर्ण नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणी पाककृतीवर बोलते, कोणी बालसंगोपनावर. या खेपेस चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या गप्पांत माझे तोंड चालते, सभेत नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही पुतणीबरोबर मुंबईला सात महिने काढलेत, तेच सांगा." मग मला नाही म्हणता येईना. मी सांगणार आहे ते त्या वॉर्डात बसून डॉक्टरांना विचारविचारून आणि पुतण्याकडून वाचून घेऊन जमवलेले आहे. मुलीचे नाव मात्र मी घेत नाही. तिचे आयुष्य अजून पुढे आहे.

गोष्ट २०२२ सालच्या श्रावणातली. माझ्या धाकट्या जावेची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. श्रावणी सोमवार धरीत असे. त्या महिन्यात तिला पाळी आली ती थांबेचना. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई. दंडावर, मांडीवर निळे-काळे डाग उठत, आणि ती म्हणे, "काकू, मी कुठे आपटले ते मला आठवत नाही." भगिनींनो, हे सारे तिने आईच्या आधी मला सांगितले होते. आणि मी काय म्हणाले? "उपासाने अशक्तपणा आला असेल. बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. या वयात होते असे." असे म्हणून मी बारा दिवस घालवले. तिच्या आजारात एकेक दिवस मोलाचा असतो हे मला पुढे कळले. ते बारा दिवस मी अजून विसरलेली नाही, म्हणून आज सर्वांत आधी तेच सांगितले. अंगावर आपोआप डाग उठणे, हिरड्यांतून रक्त येणे, पाळी न थांबणे, ताप हटता न हटणे, यांतले दोन-तीन एकत्र दिसले तर बीट-गूळ बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. ही साधी तपासणी आपल्या गावातही होते.

रक्त तपासले तेव्हा बिंबाणू, म्हणजे ज्यांना सारे प्लेटलेट म्हणतात, ते फार उतरलेले होते. डॉक्टरांनी त्याच रात्री मुंबईला न्यायला सांगितले. तिथे कळले की रक्ताचा कर्करोग आहे. तीव्र ल्युकेमिया.

आपल्या मोठ्या हाडांच्या आत मगज असतो. तो रक्ताचे स्वयंपाकघर. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबाणू हे सारे तिथे तयार होऊन मग बाहेर वाढले जाते. या आजारात पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि भराभर वाढतात. अर्ध्या कच्च्या पोळ्यांनी सारा ओटा भरून गेला, तर भात-आमटीला जागा कुठली? तसेच होते. तांबड्या पेशी कमी पडल्या की माणूस फिका पडतो, चांगल्या पांढऱ्या पेशी कमी पडल्या की ताप येतो, बिंबाणू कमी पडले की रक्त वाहते. हे आठवड्या-दोन आठवड्यांत घडते, म्हणून त्याला तीव्र म्हणतात.

मला वाटले, नाव कळले, आता औषध सुरू होईल. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, हे आडनाव झाले. पूर्ण नाव अजून कळायचे आहे." मला ते लगेच पटले. आपल्या गावात पाटील आडनावाची किती घरे! पाकिटावर नुसते 'पाटील' लिहिले तर पोस्टमनने पत्र कोणाच्या ओटीवर टाकावे? आणि औषधाचे पत्र चुकीच्या घरी पडले, तर ते परत यायला वेळ कुठे असतो?

हे पूर्ण नाव पेशीच्या पोटात लिहिलेले असते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून. ती ४६ वह्या समजा. त्यांत शरीर चालवण्याच्या कृती लिहिलेल्या असतात. एकेक कृती म्हणजे एकेक जनुक. पेशी दुप्पट होते तेव्हा साऱ्या वह्यांची नक्कल होते. असे करताना कधी दोन वह्या फाटतात आणि शिवताना एकीची पाने दुसरीला जोडली जातात. वरच्या अर्ध्या पानावर अनारशाची कृती आणि खाली लोणच्याची! बहुतेक वेळा अशी बिघडलेली पेशी मरून जाते. पण कधी त्या दोन अर्ध्यांतून भलताच हुकूम तयार होतो: 'वाढत राहा, पण पिकू नका.' यालाच जनुकांची फेरजुळणी म्हणतात. ल्युकेमियाचे पूर्ण नाव म्हणजे कोणत्या वहीचे पान कोणत्या वहीला शिवले गेले, ते.

हे ज्यांनी शोधले त्यांची गोष्ट ऐकून मला फार धीर आला. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नोवेल आणि हंगरफर्ड या दोघांना ल्युकेमियाच्या एका प्रकारात एक गुणसूत्र आखूड दिसले. ते आखूड का झाले, हे १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली या बाईंनी दाखवले. ९ आणि २२ या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले गेले होते. राउलीबाईंना चार मुलगे. मुले लहान असताना त्या आठवड्यातले थोडेच दिवस कामाला जात. गुणसूत्रांचे फोटो घरी आणून, जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून, त्या त्यांच्या जोड्या लावीत. मुले चेष्टा करीत की आई कागदाच्या बाहुल्या खेळते आहे! १९७२ साली ८ आणि २१ ची अदलाबदल, १९७७ साली १५ आणि १७ ची अदलाबदल, हीसुद्धा त्यांनीच दाखवली. घर सांभाळून, जेवणाच्या टेबलावर! आपण 'मला काय कळते' असे म्हणतो, तेव्हा ही बाई आठवावी.

आता ती १५ आणि १७ ची जोडी महत्त्वाची, कारण आमच्या मुलीचा आजार त्याच घरातला दिसत होता. त्याला एपीएल म्हणतात, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात रक्तस्राव फार होतो आणि पहिल्या दिवसांतच जीव जाण्याचा धोका असतो. एके काळी हा सर्वांत वाईट ल्युकेमिया मानीत. मग १९८५ साली चीनमध्ये शांघाय येथे डॉ. वांग झेन-यी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध दिले आणि ती बरी झाली. हे औषध कच्च्या पेशींना मारीत नाही. त्यांना पिकायला लावते. वांड मुलाला मारून न टाकता शहाणे करण्यासारखे! त्याला आट्रा म्हणतात. चीनमध्येच हार्बिन शहरी डॉक्टरांनी सोमलाचे इंजेक्शन या आजारावर वापरले. होय, आपण ज्याला विष म्हणतो तोच सोमल, पण शुद्ध करून, मापून, इस्पितळात दिलेला. कोणाच्या सांगण्यावरून पुडीतून घेण्याची ही गोष्ट नव्हे. या दोन औषधांनी, वेळेवर सुरू झाली तर, आज या आजाराचे दहापैकी नऊ रोगी बरे होतात.

डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता आट्राच्या गोळ्या पहिल्याच रात्री सुरू केल्या. एपीएलचा नुसता संशय आला तरी तसेच करायचे असते. आम्हाला हायसे वाटले. जाऊबाईंनी नवस बोलला. आणि तिसऱ्या दिवशी अहवाल आला: १५ आणि १७ ची जुळणी सापडली नाही.

इथे चाचण्यांविषयी दोन शब्द सांगते. पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकातून. त्यात पेशी डोळ्यांना कशी दिसते ते कळते. दुसरी पेशीच्या अंगावरच्या खुणा पाहण्याची. तिने पेशीचे कूळ कळते. तिसरी साऱ्या ४६ गुणसूत्रांचे चित्र काढण्याची, म्हणजे राउलीबाईंची. त्यासाठी पेशी वाढवाव्या लागतात, म्हणून तिला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. आणि फार बारीक अदलाबदल तिला दिसत नाही. चौथीचे नाव फिश. मला वाटले आता मासे खायला सांगतात की काय! पण ती रंगीत ठिपक्यांची चाचणी आहे. एका वहीतल्या कृतीवर तांबडा ठिपका, दुसरीवर हिरवा. जुळणी झाली असेल तर दोन रंग एकमेकांना चिकटून दिसतात. पाचवीत दोन जनुकांचा सांधा रसायनाने शोधतात. ती फार बारीक आणि जलद. पण या शेवटच्या दोघींचा एक गुण तोच त्यांचा दोष आहे. जे शोधायला सांगितले तेवढेच त्या शोधतात. 'पाटलांच्या घरी सुशीला आहे का?' विचारले तर 'नाही' एवढेच उत्तर येईल. घरात विमल आहे हे कोणी सांगणार नाही.

आमच्या मुलीचे तसेच झाले. अहवालात 'नाही' आले. एखाद्याने म्हटले असते, हा एपीएल नव्हेच. पण फिशच्या चाचणीवर बसलेल्या बाईंनी ठिपके मोजले. तांबडे दोन होते, बरोबर होते. हिरवे दोन असायला हवे होते, ते तीन होते. म्हणजे १७ क्रमांकाच्या वहीतली ती कृती फाटली होती खरी, पण तिचा तुकडा १५ ला शिवला गेला नव्हता. मग तो गेला कुठे? त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. मग नुसत्या १७ ची फाटाफूट पाहणारी दुसरी फिश केली, आणि जनुकांची अक्षरे वाचणारी मोठी चाचणीही पाठवली. तुकडा ११ क्रमांकाच्या वहीत सापडला. पुढे गुणसूत्रांच्या चित्रातही तेच दिसले.

११ आणि १७ ची ही जुळणी पहिल्यांदा १९९३ साली शांघायच्याच एका रोग्यात वर्णन केली गेली. ती फार विरळा. एपीएलच्या शंभर रोग्यांत एखादाच. सूक्ष्मदर्शकातून ती पुष्कळशी नेहमीच्या एपीएलसारखी दिसते, रक्तस्रावही तसाच. पण आट्राच्या गोळ्या आणि सोमल तिला नेहमीसारखे दाद देत नाहीत. त्यांवरच विसंबून राहिलो असतो तर पेशी वाढतच गेल्या असत्या आणि आम्ही बाहेर बाकावर बसून गुण येण्याची वाट पाहत राहिलो असतो. पूर्ण नाव कळले म्हणून उपचार बदलला. जोरदार केमोथेरपी दिली, आणि आजार हटल्यावर भावाचा मगज द्यायचा असे ठरले. एका हिरव्या ठिपक्याने हे केले. त्या बाईंचे तोंडसुद्धा मी पाहिलेले नाही.

विरळा जुळणी म्हणजे वाईटच असे मात्र नाही. ज्या फिलाडेल्फिया गुणसूत्राविषयी मी मघाशी बोलले, ते तीव्र ल्युकेमियाच्या एका जातीतही सापडते. मोठ्या माणसांत त्या जातीच्या सुमारे चौघांत एकाला असते, मुलांत क्वचित. पूर्वी ते सापडले की डॉक्टरांचाही चेहरा उतरे. २००१ पासून त्यावर इमॅटिनिब नावाची गोळी मिळते, आता तिच्या पुढच्याही गोळ्या आहेत, आणि चित्र पालटले आहे. वर्षाच्या आतील बाळांना लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला तर दहापैकी सात-आठ बाळांत ११ क्रमांकाच्या वहीतले केएमटी-टू-ए नावाचे जनुक फाटलेले असते, आणि त्याचे जोडीदार तर सुमारे शंभर आहेत. तेव्हा जोडीदार कोण, हे शोधणे किती अवघड ते पाहा. त्यासाठीही २०२४ साली अमेरिकेत रेव्ह्युमेनिब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. म्हणजे आज ज्या नावावर औषध नाही, त्यावर उद्या येऊ शकते. पण नाव लिहून ठेवले असेल तरच ते त्या घरी पोचणार.

आता घरातले सांगते. मुलीला रक्ताचा आजार झाला म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो असा: "सुनेच्या माहेरी कोणाला होता का?" आमच्या सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण त्यांनीच तो विचारला. जाऊबाई ताटावरून उठून गेल्या. मी डॉक्टरीणबाईंना हे सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "ही चूक आईकडून आली नाही, वडिलांकडूनही नाही. आईबापांनी दिलेल्या ४६ वह्या बरोबर होत्या. पुढे मगजातल्या एका पेशीत नक्कल करताना ती फाटली. कोणाच्या पापाने नाही, नजरेने नाही, खाण्याने नाही." लहान बाळांत ही फाटाफूट कधी गर्भात असतानाच होते, पण तीही वारशाने आलेली नसते. आणि हा आजार शिवाशिवीने होत नाही. हे सारे मी सासूबाईंना फोनवर, मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. असे रोग थोडे घराण्यांत चालतही असतील, पण ते डॉक्टरांनी सांगावे. ओसरीवर बसून आपण ठरवू नये.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. सख्ख्या भावाबहिणीचा मगज पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. आमच्या मुलीचे दैव असे की तिच्या तेवीस वर्षांच्या भावाचा जुळला. आणि सासूबाईंनी पुन्हा नन्ना लावला: "एकुलता एक मुलगा. त्याला काही झाले तर?" घरातले पुरुष गप्प बसले. त्यांचे गप्प बसणे मला सासूबाईंच्या बोलण्याहून अधिक लागले. मी मनात म्हणाले, आजार मुलाला झाला असता आणि मगज मुलीचा जुळला असता, तर कोणी एवढा विचार केला असता का? भगिनींनो, याचे उत्तर आपल्याला सर्वांना ठाऊक आहे.

त्या मुलाने वाद घातला नाही. त्याने आजीला मुंबईला आणले आणि डॉक्टरीणबाईंसमोर बसवले. त्यांनी समजावले की चार-पाच दिवस इंजेक्शने देतात, मग दंडातून रक्त यंत्रात जाऊन हव्या तेवढ्या बीजपेशी वेगळ्या होतात आणि बाकीचे रक्त परत अंगात येते. इंजेक्शनांनी हाडे दुखतात, पण ते दुखणे जाते आणि शरीर त्या पेशी पुन्हा तयार करते. आपल्या देशात हे काम आजचे नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात पहिले मगजरोपण १९८३ साली झाले. सासूबाईंनी सारे ऐकून घेतले. म्हणाल्या, "मला कोणी आधी असे बसवून सांगितलेच नाही." खरेच होते ते. आपण म्हाताऱ्या माणसांना हट्टी म्हणतो, पण त्यांना सांगायचे कष्ट कोण घेते?

२०२३ च्या जानेवारीत रोपण झाले. पुढचे तीन महिने फार वाईट गेले; तोंडात फोड, ताप, जेवण नाही. ते मी आज वर्णन करीत नाही. आता मुलगी घरी आहे. पुन्हा कॉलेजात जाते. डॉक्टर ठरवतील तेव्हा तपासणीला जावे लागते, आणि तो फोन वाजेपर्यंत घरातल्या कोणाचा घास घशाखाली उतरत नाही. 'पूर्ण बरी झाली' असे मी व्यासपीठावरून म्हणणार नाही. आज आहे, हसते आहे, एवढे सांगते.

शेवटी चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. एक, कोणाच्या घरी हा आजार आला तर विचारा, "आजाराचे पूर्ण नाव काय? जनुकांची जुळणी तपासली का?" विचारायला सातवीच काय, चौथीही पुरते. दुसरी, मगजाचा नमुना उपचारांच्या आधी घेतलेला बरा, आणि थोडा राखून ठेवता येईल का तेही विचारा. नंतर तो तसा मिळत नाही. पण डॉक्टर तातडीने औषध सुरू करा म्हणाले तर अहवालासाठी अडून बसू नका. तिसरी, अहवालात 'नाही' आले तर विचारा, "काय शोधले आणि ते नाही? आणखी काही शोधायचे राहिले का?" प्रत्येक कागदाची प्रत घरी एका पिशवीत ठेवा. पैशांची अडचण असेल तर इस्पितळाच्या समाजसेवा विभागात आधी जा, सावकाराकडे नंतर.

चौथी गोष्ट आपल्या मंडळासाठी. बिंबाणू रक्तपेढीत पाचच दिवस टिकतात. ते साठवता येत नाहीत, माणसेच लागतात. पहिल्या महिन्यात आम्ही अनोळखी गावात दाते शोधत हिंडलो. आपल्या गावातली मुले-माणसे नाव-पत्ता-रक्तगटासह एका वहीत लिहून ठेवली, तर पुढच्या घराला ती वणवण पडणार नाही. बायकांनीही नावे द्यावीत. त्यासाठी हिमोग्लोबिन साडेबारा लागते, आणि आपल्यापैकी कितीजणींचे तेवढे आहे हे पाहण्याचे निमित्तही त्यातून होईल. वही मी आणली आहे. पहिले नाव माझ्या पुतण्याचे आहे, दुसरे माझे. माझे हिमोग्लोबिन सध्या अकरा आहे, तेव्हा माझ्या नावापुढे अजून फुली आहे. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ती पुसण्याचा माझा विचार आहे.